भरवशाचा बेसूर

धाराशिव जिल्ह्यात आजवर एकही माणूस सुरात गायलेला नाही, असं आमच्या दाजींचं ठाम मत आहे. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे, यजमान. हे मत ते चारचौघांत, कुणी न विचारता, आणि शक्यतो गाणारा समोर बसलेला असताना मांडतात. बरं, गाणाऱ्यांवरच राग आहे म्हणावं तर तसंही नाही. एसटी स्टँडवरच्या गाड्यांचे हॉर्न बेसूर, शेजारच्यांचा कुकर बेसूर, गल्लीतल्या मारुतीची घंटा आधी बरी होती पण कुणा भाविकानं नवी बांधली आणि देवाच्या कानांची वाट लावली. सगळ्या जिल्ह्यात सुराला पक्की अशी त्यांच्या लेखी एकच गोष्ट आहे, ती म्हणजे डीपी. रस्त्याच्या कडेला खांबांवर बसवलेला तो विजेचा करडा डबा, ट्रान्सफॉर्मर, त्याला आमच्याकडं डीपी म्हणतात. "मेहुणे, डीपी कधी खोटं बोलत न्हाय," दाजी मला सांगतात. "पेटीची पांढरी पाच नंबरची पट्टी दाबा, तिच्या केसभर वर. उन्हाळा असू द्या, पावसाळा असू द्या. येक तर सुरात, न्हायतर बंद. मधलं काय न्हाय. माणसानं असं असावं."

दाजी वीज खात्यात लाइनमन होते. सगळी नोकरी तेर आणि तिकडच्या खेड्यांतले खांब चढण्यात गेली. तक्रार आली की बाकीचे लाइनमन हत्यारांची पिशवी घेऊन पळायचे. दाजी मात्र शंभर पावलं अलीकडंच सायकलवरून उतरायचे, मान तिरकी करायचे आणि म्हणायचे, "आवाज घोगरा येतोय. आतलं तेल उतरलंय." बहुतेक वेळा ते बरोबर निघायचं. ज्या वेळी निघायचं नाही त्या वेळीही दाजी डीपीला दोष द्यायचे नाहीत, गावाला द्यायचे. एकदा भर दुपारी ते एका डीपीखाली डोळे मिटून बसून राहिले. गावकऱ्यांना वाटलं, वायरमनला भोवळ आली. कुणीतरी धावत जाऊन कांदा फोडून आणला आणि नाकाला लावला. दाजी डोळे न उघडता म्हणाले, "जरा गप ऱ्हावा की. तुमच्या गावात एवढा चांगला सूर परत कधी लागायचा न्हाय." त्या गावात त्यांना पुढं दोन वर्षं कुणी चहा विचारला नाही.

घरात तर विचारूच नका. मिक्सर घ्यायला दाजींना बाजारात बरोबर नेलं, ही अक्काच्या आयुष्यातली मोठी चूक. दुकानदारानं एकापाठोपाठ एक अकरा मिक्सर चालू करून दाखवले. दाजी प्रत्येकासमोर डोळे मिटून उभे राहायचे आणि मान हलवायचे. बारावा चालू झाला तसे त्यांचे डोळे पाणावले. तोच घेतला. त्याची पाती बोथट, मोटार मरतुकडी. अक्काच्या शेंगदाण्याच्या चटणीत आजही अख्खे दाणे निघतात, आणि ती काही बोलायला लागली की दाजी म्हणतात, "चटणी भरड असली म्हणून काय झालं? वाटताना ऐकायला कसं वाटतंय ते बघ की." माझ्यासाठी मुलगी बघायला गेलो तेव्हा पाहुण्यांच्या घरी सगळे शिक्षण, शेती, नातेगोते विचारत होते. दाजींनी फक्त तिचं नाव विचारलं आणि ती बोलताना डोळे मिटून घेतले. परतीच्या वाटेवर निकाल दिला, "ती पांढरी सहात बोलती. तुमी पांढरी एकात गुरगुरता. जमंल. तिचं बोललेलं तुमाला जलमभर ऐकू येत ऱ्हाईल." लग्नाला बावीस वर्षं झाली, निकाल तंतोतंत खरा ठरलाय.

अशा कानाच्या माणसाचा गळा कसा असेल? तुम्हाला वाटेल गोड असेल. छे! दाजींइतका बेसूर गळा मी उभ्या जन्मात ऐकलेला नाही. आणि मी गणिताचा मास्तर आहे, मला त्यातलं शष्प कळत नाही, तरी ऐकू येतं. दाजींना स्वतःला ते पुरतं ठाऊक आहे. घरात गणपतीची आरती सुरू झाली की ते नुसत्या टाळ्या वाजवतात, ओठ घट्ट मिटून. तरुणपणी ते गाणं शिकायला गेले होते, पण चौथ्याच दिवशी शिकवणी सोडून आले. का सोडलीत, असं मी एकदा विचारलं. नेहमी तावातावानं बोलणारा हा माणूस आवाज खाली आणून म्हणाला, "माझा गळा माझ्याच कानाला सोसंना, मेहुणे. काय करू? कान तर काढून ठेवता येत न्हायत." त्यानंतर मी तो विषय काढला नाही.

ती चार दिवसांची शिकवणी ज्यांच्याकडं होती ते आमच्या शहराचे पेटीमास्तर. गाणं सुटलं, पण दोस्ती जडली ती चाळीस वर्षांची. मास्तर म्हणजे साधा, बुटका, कायम हसरा माणूस. शाळेचं स्नेहसंमेलन असो, कचेरीतल्या कुणाचा निरोप समारंभ असो, तुळजापूरच्या एखाद्या पुजाऱ्याच्या घरी देवीची गाणी असोत, पेटीवर मास्तरच. गाणाऱ्याला शाल, श्रीफळ, टाळ्या. मास्तरांना चहा. दाजींना ते 'वायरमन' म्हणायचे आणि दाजी त्यांना 'मास्तर'. सुट्टीच्या दिवशी दाजी मास्तरांना पेटीसकट लुनावर बसवून गावाबाहेरच्या डीपीखाली घेऊन जायचे, पेटीचे सूर त्या गुणगुणण्याशी ताडून बघायला. दोन बापे माणसं खांबाखाली पेटी घेऊन बसलेली बघून शेताकडं निघालेल्या एका म्हातारीनं डब्याला लांबूनच हात जोडले, देवाचं नवं ठाणं झालं असेल म्हणून.

आता दाजींना जर जिल्ह्यात सगळेच बेसूर वाटत होते, तर ते प्रत्येक कार्यक्रमाला तिसऱ्या रांगेत येऊन का बसायचे, हे कोडं मला बरीच वर्षं सुटलं नव्हतं. चेहरा तर असा की दातात कळ आलीय. एकदा कार्यक्रमानंतर चहाच्या टपरीवर मी त्या दोघांच्या मागंच उभा होतो. दाजी हलक्या आवाजात सांगत होते, "आज नऊ वेळा घसरले. नऊच्या नऊ झेलले तुमी. दुसऱ्या कडव्यात तर लईच झालं, माणूस पांढरी चारातून निघाला आन कुठं गेला त्याला पण ठाव न्हाय. तुमी कसं गाठलं हो?" मास्तर इकडंतिकडं बघत म्हणाले, "हळू बोला, वायरमन." तेव्हा मला कळलं. गाणारा सुरावरून घसरला की मास्तर त्याच्या मागं पेटी नेत. तो वर सरकला की हे वर, तो खाली घसरला की हे खाली, आणि हे इतकं अलगद की ऐकणाऱ्याला वाटावं गाण्याची चालच तशी आहे. दोन पट्ट्यांच्या मधेच कुणी अडकला तर मास्तर दोन्ही दाबून भाता जोरात मारायचे, आवाजाच्या गर्दीत त्याची चूक बुडून जायची. सगळं शहर इतकी वर्षं मास्तरांच्या पेटीखाली झाकलेलं होतं आणि हे जगात दोघांनाच माहीत होतं. मी तिसरा. मास्तरांनी त्या दिवशी माझा हात धरून सांगितलं, "सर, बोलू नका कुठं. गाणाऱ्याला कळलं तर तो परत गाणार न्हाय. मग मी पेटी कुणासाठी वाजवू?"

गेल्या साली मास्तर आजारी पडले. जिना चढताना धाप लागायला लागली, मग बसल्या जागी लागायला लागली. सोलापूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, हृदयाची एक झडप निकामी झालीय, बदलावी लागेल, आणि लवकर. तोवर श्रम नको, भाता मारणं तर अजिबात नको. ऑपरेशनची तारीख ठरली. सरकारी योजनेतून आणि नातेवाइकांकडून बरीचशी तजवीज झाली, तरी तोकडंच पडत होतं. दाजींनी ठरवलं, मास्तरांसाठी गाण्याचा कार्यक्रम करायचा. ज्यांना ज्यांना मास्तरांनी साथ केली त्या सगळ्यांनी गायचं, आणि मध्यंतरात लोकांनी आपापल्या खुशीनं द्यायचं. दाजी हे म्हणाले तेव्हा अक्का त्यांच्याकडं बघतच राहिली. ज्या माणसाला एक बेसूर सोसत नाही, तो जिल्ह्यातले सगळे बेसूर एका छताखाली गोळा करायला निघाला होता! "काय करता मग?" दाजी म्हणाले. "सुरातले आणायचे म्हटलं तर स्टेजवर डीपीच आणून ठिवावी लागंल."

तुळजापूर रस्त्यावरच्या एका मंगल कार्यालयाच्या मालकानं लग्नतिथी नसलेल्या रविवारची सकाळ मोफत दिली. गाणारे तीन मोठे होते. तहसिलातून निवृत्त झालेले अव्वल कारकून, ज्यांना सगळे अव्वलसाहेब म्हणायचे. मुलींच्या शाळेच्या मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका. आणि कापडवाले शेठ. प्रत्येकाची माणसं ठरलेली, ती आपापल्या गाणाऱ्यासाठी येणार. शेठची एकट्याची तीन रांगा भरतील इतकी व्यापारी मंडळी. पेटीला कोण? पेटीवाला दुसरा कुणी नव्हताच. शेवटी लग्नाच्या ऑर्केस्ट्रातला एक दाढीवाला कीबोर्डवाला कबूल झाला. भला माणूस, पैसे घेणार नाही म्हणाला. गाणाऱ्यानं पट्टी सांगायची, तो आकडा यंत्रात घालणार, आणि यंत्र मग तिथून हलणार नाही. दाजींना ते ऐकून इतका आनंद झाला की त्या आनंदात पुढचा घोटाळा त्यांच्याही ध्यानात आला नाही. माझ्याही आला नाही.

कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी अक्कानं दाजींना समोर बसवून सांगितलं, "आजचा दिस तोंड उघडायचं न्हाय. मास्तरांच्या जिवाचा सवाल हाय. कुणी कसंबी गाऊ द्या, 'वा' म्हणायचं." दाजी म्हणाले, "'वा' म्हणणं होणार न्हाय, पण गप बसतो." आणि त्यांनी खरोखर सरकी काढलेला कापूस दोन्ही कानांत बोळे करून कोंबला. कार्यालयात पोचलो तर स्टेजवर मास्तरांची पेटी टेबलावर मांडलेली, तिला झेंडूचा हार, समोर उदबत्ती. कार्यकर्त्यांनी भक्तिभावानं केलेलं, पण दाजी बघताच उसळले, "अहो, जित्या माणसाच्या पेटीला हार घालता व्हय!" तेवढ्यात मास्तर काकूंच्या, म्हणजे त्यांच्या बायकोच्या, आधारानं आत येत होते. अंगावर शाल, तोंडावर सूज, पण हसू तेच. म्हणाले, "असू द्या, वायरमन. आतापत्तर सगळे हार गाणाऱ्यांनाच. पेटीला पहिल्यांदाच मिळायलाय." उदबत्ती तेवढी विझवली. मास्तरांना पहिल्या रांगेत हाताच्या खुर्चीत बसवलं आणि कार्यक्रम सुरू झाला.

पहिले अव्वलसाहेब. पंचवीस वर्षं प्रत्येक निरोप समारंभात गाऊन घासून गुळगुळीत केलेलं त्यांचं भावगीत त्यांनी डोळे मिटून सुरू केलं. पहिली ओळ ठीक गेली. दुसऱ्या ओळीला साहेब नेहमीप्रमाणं निसटले. कीबोर्ड जागेवर राहिला. साहेब एकीकडं, यंत्र दुसरीकडं, आणि मधल्या जागेत असा काही कर्कश आवाज उभा राहिला की माझ्या शेजारच्या गृहस्थांनी कानावर हात ठेवला. साहेबांनी डोळे उघडले. कीबोर्डवाल्याकडं रागानं बघितलं. त्यानं बिचाऱ्यानं पडद्यावरचा आकडा दाखवला. साहेबांनी कसंबसं गाणं संपवलं आणि माइकवरच सांगून टाकलं, "यंत्रात बिघाड आहे." मग मोठ्या बाई आल्या. त्यांचा आवाज खणखणीत, त्यामुळं चूकही खणखणीत. अंतरा चढताना त्या एक पायरी जास्तच चढल्या, यंत्र खालीच राहिलं, आणि मागच्या रांगेतून कुणीतरी फस्सकन हसलं. बाई थांबल्या. सगळी शाळा ज्यांना घाबरते त्या बाईंचे डोळे भरून आले आणि त्या तशाच खाली उतरल्या. आता पाळी शेठची. शेठ खुर्चीतून हललेच नाहीत. "आधी ते मशीन दुरुस्त करा. माझी इज्जत काय रस्त्यावर पडलीय का?" असं म्हणून ते उठून दाराकडं निघाले, आणि त्यांच्यामागं तीन रांगा उठल्या. ते बघून आणखी दोन. मध्यंतराला अजून अर्धा तास होता. ही माणसं गेली असती तर द्यायला मागं कोण राहणार होतं? सोलापूरची तारीख आठ दिवसांवर आलेली. काकूंनी पदर तोंडाला लावला. मास्तर मात्र वळून वळून मोठ्या बाईंकडं बघत होते. स्वतःच्या ऑपरेशनचं बाजूला राहिलं, बाई रडल्या हेच त्यांना लागलं होतं.

आणि दाजींनी कानांतले बोळे काढले. अक्का लांबून हातवारे करून नको नको म्हणत होती. दाजी स्टेजवर चढले, माइक धरला आणि म्हणाले, "शेठ, थांबा. मशीन बरोबर हाय. बेसूर तुमी हाय. तुमी, साहेब, बाई, समदेच. तीस वर्षांपासून हाय." मी डोळे मिटून घेतले. गेलं, म्हटलं, सगळं मातीत गेलं. पण दाजी थांबायला तयार नव्हते. "तीस वर्षं हा खुर्चीतला माणूस तुमच्या मागं पळायलाय. तुमी घसरलाव की ह्यानं पेटी तुमच्या खाली सरकवली, परत घसरलाव, परत सरकवली. तुमाला टाळ्या, शाली. ह्याला च्या. ह्यानं कधी बायकोला पण सांगितलं न्हाय. मला ठाव हाय कारण मला ऐकू येतंय. आज हा पेटीवर न्हाय, म्हणून तुमी कसं गाता ते आज तुमाला पहिल्यांदा ऐकू आलंय. आता जायचं तर जावा."

मास्तरांनी कपाळाला हात लावला होता. "वायरमन, हे काय केलंत?" एवढंच ते पुटपुटले. अव्वलसाहेब उठले, मास्तरांच्या खुर्चीपुढं येऊन उभे राहिले. तहसिलात ज्या आवाजात लोकांना दाखले नाकारत असतील तो आवाज कुठल्या कुठं गेला होता. "मास्तर, हे खरं आहे का?" मास्तरांना खोटं बोलता येईना आणि खरं सांगवेना. शेवटी म्हणाले, "साहेब, तुमचा आवाज लई गोड हाय." साहेबांना हसूच आलं. "म्हणजे खरंच आहे!" सगळं कार्यालय हसलं. मोठ्या बाईही डोळे पुसत हसल्या. दारातले शेठ थबकून उभे राहिले होते. साहेब हसता हसता वळले आणि त्यांनी स्टेजवर बोट रोखलं, "वायरमन, तुम्हाला एवढं कळतंय ना? मग आता तुम्ही गा. आम्ही ऐकतो." झालं! मागून आरोळी उठली, "गा! गा!" शेठ सगळ्यात मोठ्यानं ओरडत होते.

दाजींचा चेहरा मी कधी विसरणार नाही. पावसात विजेच्या खांबावर चढताना जो माणूस घाबरला नाही, तो त्या दोन फूट उंचीच्या स्टेजवर माइकचा दांडा दोन्ही हातांनी घट्ट धरून उभा होता. त्यांनी मास्तरांकडं बघितलं. मग डोळे मिटले आणि गायला सुरुवात केली. देवीचं एक साधं गाणं, दर नवरात्रात घरोघरी म्हणतात ते. काय सांगू! सूर वाकडा लागला म्हणणंही जास्त होईल, तो लागतच नव्हता. कीबोर्डवाल्यानं दोनदा आकडा बदलला आणि मग हात वर करून शरण आला. लोक हसून लोळायच्या बेतात होते. आणि दाजींच्या मिटल्या डोळ्यांतून पाणी येत होतं, कारण त्या सगळ्या कार्यालयात त्या गळ्याचा सगळ्यात जास्त त्रास त्यांनाच होत होता. तरी ते गात राहिले. इकडं मास्तरांची बोटं खुर्चीच्या हातावर हलायला लागली होती. दाजी खाली घसरले की बोटं डावीकडं, वर भरकटले की उजवीकडं. काकू म्हणाल्या, "बसा गप. डॉक्टरांनी काय सांगितलंय?" मास्तर उठलेच. "येवढं येकच गं. त्याला असं येकट्याला सोडून मला बसवायचं न्हाय."

त्यांना धरून वर नेलं. हार काढून पेटी खाली ठेवली. डाव्या हातानं भाता मारायची तर मनाई. तेव्हा अव्वलसाहेबच समोर मांडी घालून बसले आणि पलीकडून भाता मारायला लागले. मास्तरांचा उजवा हात पट्ट्यांवर पडला. दाजी तेव्हा कुठल्या रानात होते कोण जाणे, पण मास्तरांनी त्यांना दोन ओळींत गाठलं. हसणं थांबलं. गळा तोच, चुका त्याच, पण पेटी त्यांच्या पायाखाली येत गेली आणि बघता बघता ते वेडंवाकडं ओरडणं गाणं झालं. प्रत्येकाला समोर दिसत होतं कुणी काय केलं ते. मोठ्या बाईंनी हात जोडले. शेठ परत येऊन आपल्या खुर्चीत बसले होते आणि त्यांच्या तीन रांगाही. दाजींनी डोळे उघडले तेव्हा आयुष्यात पहिल्यांदा स्वतःचा गळा ऐकत असल्यासारखे ते मास्तरांकडं बघत होते. एका गाण्यात मास्तर घामाघूम झाले, काकूंनी त्यांना परत खाली आणलं. त्यानंतर मध्यंतर झालं. किती जमलं ते मला विचारू नका, ते अक्काला ठाऊक. सोलापूरची तारीख मात्र हलली नाही.

उत्तरार्धात शेठ गायले, कीबोर्डवर, आणि सपशेल बेसूर गायले. प्रत्येक घसरणीला लोक टाळ्या देत होते आणि शेठ मास्तरांकडं बोट दाखवून हसत होते. इतका बेसूर आणि इतका आनंदाचा कार्यक्रम आमच्या शहरात दुसरा झालेला नाही.

ऑपरेशन नीट पार पडलं. मास्तर घरी आले, रंग परत आला, जिना चढायला लागले. फक्त उजव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट जरा बधिर राहिलं. डॉक्टर म्हणाले, वापरत राहा, सुधारेल, वेळ लागेल. कार्यक्रमांना ते आता जात नाहीत. दाजी मात्र रोज संध्याकाळी पाच वाजता त्यांच्याकडं जातात, समोर बसून भाता मारतात आणि गातात. होय, गातात. मास्तरांनीच तसं सांगितलंय. "बोटांना मेहनत पायजे," ते मला म्हणाले. "सुरात गाणाऱ्याच्या मागं काय मेहनत? आन बाकीचे आता घाबरून जपून गातात. वायरमनसारखा भरवशाचा बेसूर सगळ्या जिल्ह्यात न्हाय." दाजींना याचा केवढा अभिमान! अक्काला सांगतात, "औषधापेक्षा माझाच गुण जास्त येतोय."

परवा मीही त्यांच्याबरोबर गेलो होतो. काकूंनी चहा दिला, दाजींनी भाता धरला आणि तेच देवीचं गाणं सुरू केलं. दाजी घसरत होते, मास्तर झेलत होते, मी चहा पीत होतो. तिसऱ्या कडव्यात दाजी एकदम वर भरकटले आणि मास्तरांचं ते बधिर बोट वेळेवर पोचलं नाही. भलतीच पट्टी दाबली गेली आणि वाजत राहिली. मला ऐकू आलं. मला, गणिताच्या मास्तराला! मास्तरांचा हात थांबला. त्यांनी मान वर करून दाजींकडं बघितलं आणि त्या बघण्यात, खरं सांगतो, भीती होती. दाजींचा भाता थांबला नाही. तोंडावरची रेघ हलली नाही. ते पुढचं कडवं म्हणायला लागले, आणि जरा वेळानं पेटी त्यांच्या मागून निघाली.

परत येताना आम्ही गल्लीच्या तोंडाशी आलो. मला राहवलं नाही, म्हणालो, "दाजी, मघाशी तिसऱ्या कडव्यात..."

"काय तिसऱ्या कडव्यात?"

"पेटी चुकली."

दाजी चालता चालता थांबले. "मला न्हाय ऐकू आलं," ते म्हणाले. मग माझ्याकडं बघून, जरा हळू आवाजात, "तुमी पण न्हाय ऐकलं."

"नाही, दाजी," मी म्हणालो. "मी पण नाही ऐकलं."